भिंगरीचं बक्षीस

भिंगरीला खुर्चीत बसवेना. पहिल्या रांगेत देशोदेशीच्या खेळाडू ठेवणीतले कपडे घालून ऐटीत बसल्या होत्या आणि ही आपली पाय हलवतेय, नखं खातेय. शेजारी बसलेल्या थोरल्या बहिणीने, ताईने, दोनदा तिच्या गुडघ्यावर हात दाबून पाहिला, उपयोग झाला नाही.

मैदानावर एका जागी ठरत नाही म्हणून संघाने तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली होती. वय वीस. देशाकडून रग्बी खेळायला लागून जेमतेम वर्ष झालेलं, आणि जगभरातल्या नवोदित खेळाडूंतून दरवर्षी एकीला मिळणाऱ्या पुरस्कारासाठी तिचं नाव शेवटच्या तिघींत आलं होतं. शिवणकाम करणाऱ्या आईने चार दिवस खपून तिच्यासाठी ड्रेस शिवला होता.

पण तिला धास्ती होती ती वेगळीच. तीन आठवड्यांपूर्वी समोरचीला अडवताना तिचं डोकं त्या मुलीच्या गुडघ्यावर आपटलं, तेव्हापासून मान डावीकडे वळवली की एकाचे दोन दिसायचे. संघाच्या डॉक्टरीणबाईंना तिने काही नाही म्हणून कटवलं होतं. त्यांना कळलं असतं, तर तोंडावर आलेला दौरा हातचा गेला असता. ताईने मात्र तिला कपाबाहेर चहा ओतताना पकडलं. दुखरा गुडघा लपवून खेळत राहिल्यामुळे ताई स्वतः कायमची घरी बसली होती. ती एवढंच म्हणाली, "बक्षिसापर्यंत गप्प बसते. मग तू सांग, नाहीतर मी सांगेन."

नाव पुकारलं गेलं ते भिंगरीचंच. ताईने ढकललं तेव्हा ती उठली. मंचावर बक्षीस देणाऱ्या पाहुण्या चषक घेऊन डावीकडे उभ्या होत्या. तिने मान वळवली, समोर दोन चषक आले, आणि पुढे केलेला हात हवेतच मिटला. हशा पिकला. पोरगी बावरली असंच सगळ्यांना वाटलं. चौथ्या रांगेत डॉक्टरीणबाईही हसत टाळ्या वाजवत होत्या. म्हणजे अजूनही निभावून नेता आलं असतं.

आईचे, ताईचे आभार कसेबसे मानून ती खाली उतरली. फोटोवाले बोलावत राहिले. ती सरळ चौथ्या रांगेपाशी गेली.

"मॅडम, मला दोन दोन दिसतंय."

"कधीपासून?"

"शेवटच्या सामन्यापासून."

बाई रागावल्या नाहीत. बाजूच्या खोलीत नेऊन त्यांनी तिचे डोळे तपासले आणि दौरा विसर म्हणून सांगितलं.

पुढचे दिवस तिने या खोलीतून त्या खोलीत येरझारा घालत काढले. टीव्ही बघायला बंदी होती. तिच्या जागी गेलेल्या मुलीने पहिल्याच सामन्यात बाजी मारली, तेही ताईनेच सांगितलं, काही हातचं न राखता. त्या दिवशी भिंगरी जेवली नाही.

दोन महिन्यांनी नजर ठीक झाली. मैदानात उतरायला पाचवा महिना उजाडला. सरावात एक मुलगी चेंडू घेऊन अंगावर धावून आली, तशी भिंगरीची पावलं क्षणभर अडखळली. मग तिने डोकं बाजूला घेतलं, खांदा लावला आणि तिला खाली आणलं.

उठता उठता तिने त्या मुलीला विचारलं, "लागलं का गं कुठे? खरं सांग."