मागच्या डेकवरची शिडी

"ती मागची शिडी तेवढी त्याची त्याला लावू दे गं पोरी. तू हात लावू नकोस. मी आत्ताच सांगून ठेवते बघ."

बयाआत्यांनी हे सांगितलं तेव्हा त्या दारात चपला शोधत होत्या, आणि प्रियदर्शनी मोनाच्या तोंडात बोट घालून खडूचा तुकडा बाहेर काढत होती. मोना रडत होती, कुकर शिट्टीवर आला होता, घरभर खोकी उघडी पडली होती. "बरं आत्या," असं ती म्हणाली खरी, पण ते ऐकून न ऐकल्यासारखंच. खालच्या तात्यांचं फूटभर लांबीचं प्लॅस्टिकचं जहाज, त्यावर गव्हाच्या दाण्याएवढी पितळेची शिडी. ती ह्याच्या हातानं लागली काय नि त्याच्या हातानं लागली काय!

आत्या गेल्या. दुपारी मोना झोपल्यावर प्रियदर्शनीनं चिमटा उचलला.

पण हे झालं शेवटी. त्याच्या आधी दोन वर्षांच्या दुपारी होत्या.

कळंब्याला तलावाच्या अंगाला एका दुमजली घरात ती वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायची. तिचा नवरा अनेकांत हा मालवाहू जहाजावर इंजिनिअर. सात-आठ महिने समुद्रात, दोन महिने घरी, पुन्हा समुद्रात. माहेर हुपरीचं, गाडीनं तासाभराच्या आत. आई म्हणायची, इकडंच ये की राहायला. पण अनेकांत परत यायचा तो ह्या घरी यायचा, म्हणून तिला हे घर सोडवत नसे. बी.एस्सी. झालेली, डोक्यानं तल्लख, आणि काळजी करण्यात तर पहिला नंबर. मोना खोकली की ही उठून बसणार. अनेकांतचा मेसेज दोन दिवस आला नाही की जगाच्या नकाशावर वादळं शोधत बसणार.

खालच्या मजल्यावर आकारामतात्या एकटे राहायचे. मूळचे नेसरीचे. नेव्हीत पंधरा वर्षं बॉयलर रूममध्ये काढलेली, नंतर कागलला एका कारखान्यात नोकरी. बायको जाऊन सहा वर्षं झालेली. बहीण बयाबाई दोन गल्ल्या सोडून राहायची, ती दोन वेळचं जेवण आणून द्यायची आणि त्याबरोबर दोन वेळचं बोलूनही घ्यायची.

ओळख झाली ती मोनामुळंच. दीड वर्षाची पोर एका दुपारी जिना उतरून गेली. प्रियदर्शनी अनवाणीच धावली, तर खालच्या दारातून आवाज आला, "हलू नका! कुणीबी हलू नका!"

आत मोना टेबलाखाली बसलेली, आणि तात्या दोन्ही हात वर करून पुतळ्यासारखे उभे. टेबलावर राखाडी रंगाचं प्लॅस्टिकचं जहाज. तोफा, धुराडं, डोलकाठी, सगळं जिथल्या तिथं.

"काय पडलंय?" तिनं विचारलं.

"रडारची जाळी. पितळंची. एवढीशी." तात्यांनी करंगळीचं नख दाखवलं.

प्रियदर्शनीनं आधी मोनाचं तोंड उघडून बघितलं, जिभेखाली बघितलं. मग वर धावत जाऊन फ्रिजवरचा चुंबक घेऊन आली. तात्या पोट धरून हसले.

"अगं पितळ हाय ते. चुंबकाला भीक घालत न्हाय."

ती ओशाळली. पण हार मानणारी नव्हती. खिडकीचा पडदा ओढून तिनं मोबाइलचा टॉर्च फरशीला टेकवून आडवा धरला. हुपरीत चांदीचे दागिने घडवणारे तिचे आजोबा असेच चांदीचा कण शोधायचे. उजेड जमिनीला घासून गेला की बारीकसारीक कणाचीही लांब सावली पडते. जाळीची सावली कपाटाच्या पायाशी पडली होती, चांगली बोटभर.

तात्यांनी जाळी चिमट्यात धरली आणि तिच्याकडं नीट बघितलं.

"कुठली गं तू?"

"हुपरीची."

"मग आधी सांगायचं की! मी इथं दोन वर्सं एकटा झटाझोंबी करतोय."

त्यांची झटाझोंबी चालली होती ती पितळेशी. प्लॅस्टिकचे मोठे भाग त्यांना जमायचे. पण खोक्यासोबत पितळेचे पातळ पत्रे आले होते, सोनेरी जाळीदार कागदासारखे. त्यातच कठडे, शिड्या, रडार, दोरांच्या चरख्या, सगळं कोरलेलं. पात्यानं एकेक भाग कापायचा, राहिलेलं टोक कानशीनं घासायचं, आखलेल्या रेघेवर दुमडायचं आणि सुईच्या टोकावर गोंदाचा थेंब घेऊन चिकटवायचं. तात्यांचा हात थरथरायचा, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. पुढच्या टोकाचा वळणदार कठडा तर त्यांनी सात वेळा लावला आणि सातही वेळा तो उसळून सरळ झाला होता.

"भाजलाय का?" प्रियदर्शनीनं विचारलं.

"काय भाजलाय?"

"पितळ भाजल्याशिवाय मऊ होईल का, तात्या? उसळणारच की."

तिनं कठडा चिमट्यात धरून मेणबत्तीच्या ज्योतीवर क्षणभर फिरवला. रंग पालटला तसा बाजूला घेऊन गार होऊ दिला आणि पेन्सिलीवर हलकेच वळवला. तो वळला तसाच राहिला. तात्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"शाब्बास! आता कसं हुकूम ऐकतंय बघ."

तिथून दुपारी ठरूनच गेल्या. मोना अडीचला झोपायची ती साडेचारला उठायची. प्रियदर्शनी तिला तात्यांच्या खोलीतल्या पलंगावर निजवायची, दोन्ही बाजूंना उशा लावायची, आणि टेबलाशी बसायची. दर पाच मिनिटांनी मान वळवून पोरीचा श्वास बघायची. काम संपलं की टॉर्च आडवा धरून फरशी तपासल्याशिवाय उठायची नाही.

तात्या बोलत बसायचे. हे धुराडं, हे कप्तानाचं ठिकाण. ही तोफ, ती डागली की खाली भांडी नाचायची. त्यांची खरी बोट, जिचा हा नमुना, ती कधीच मोडीत निघाली होती. सोबतचे बरेच जण गेले होते.

"आणि इंजिन कुठं असतं?" एकदा तिनं विचारलं.

तात्यांनी बोट पाण्याच्या रेघेखाली, लाल रंगावर ठेवलं. "हितं. आम्ही सगळे हितं."

"म्हणजे अनेकांतसुद्धा? पाण्याच्या खाली?"

तिचा चेहरा बघून तात्यांनी बोट उचललं. "अगं, काय भ्यायचं त्यात? खाली ऊब असती. वरच्यांना वारा लागतो, आम्ही मजेत."

त्या दिवसापासून कठडा लावताना तिला जरा बरं वाटायला लागलं. अनेकांतच्या जहाजावरही असाच कठडा असेल. कधी तो वर येऊन त्याला टेकून उभा राहत असेल. हा कठडा घट्ट बसला तर तोही घट्ट असेल, असं काहीतरी खुळ्यासारखं तिच्या मनात यायचं. कुणाला सांगण्यासारखं नव्हतं ते. एकेक दांडी ती दोनदा तपासायची.

दोन वर्षांत जहाज पुरं होत आलं. पितळेच्या पत्र्यातून सगळं निघालं. मागच्या डेकवरची एक शिडी मात्र तात्या कापू देईनात.

"ती राहू दे. डोळा झाला की बघू."

"मी लावते की आत्ता. दोन मिनिटांचं काम आहे."

"राहू दे म्हणतो न्हवं!"

आवाज जरा चढलाच. तिला वाटलं, म्हातारपणचा हट्ट.

तात्या डोळ्याचं ऑपरेशन करून घ्यायचं इतकी वर्षं टाळत होते. त्या महिन्यात आपण होऊनच गेले. ऑपरेशननंतर आठ दिवस बहिणीकडं राहिले. आणि त्याच आठ दिवसांत अनेकांतचा फोन आला. वास्कोला बंदरात नोकरी मिळाली होती, जमिनीवरची. रोज संध्याकाळी घरी. ट्रक रविवारी येणार.

प्रियदर्शनी आनंदानं रडली, मग खोकी आणली, मग सगळ्यांना फोन केले. आणि बांधाबांध करता करता तिला वाटलं, जाण्याआधी तात्यांना काहीतरी द्यायला हवं. शाल देऊन काय करायचंय? जहाज पुरं करून देऊ. पट्टी निघाल्यावर नव्या डोळ्यानं बघतील ते पुरं झालेलं जहाजच बघतील.

तात्यांच्या घराची एक चावी तिच्याकडंच असायची. तात्यांचे धुतलेले कपडे न्यायला आलेल्या बयाआत्यांना तिनं मोठ्या हौसेनं हे सांगितलं. तेव्हा त्या दारात चपला शोधता शोधता ते शिडीचं बोलल्या.

शिडी फार सुरेख बसली. जरासुद्धा तिरकी नाही, गोंदाचा पांढरा डाग नाही. दोन वर्षांतलं तिचं सगळ्यात चांगलं काम होतं ते.

शनिवारी तात्या काळा चष्मा लावून आले. टेबलाशी बसले. चष्मा काढून बराच वेळ जहाजाच्या मागच्या बाजूकडं बघत राहिले. प्रियदर्शनी त्यांच्या तोंडाकडं बघत उभी, मोनाला कडेवर घेऊन.

"छान झालं की," तात्या म्हणाले.

"आवडलं?"

"आवडायला काय झालं! हुपरीचा हात हाय तुझा." मग त्यांनी चिमटा, भिंग, बारीक कानस असं एकेक करून डब्यात ठेवलं आणि डबा तिच्या हातात दिला. "घिऊन जा. मला आता काय लागतंय?"

जहाजावर काचेची पेटी ठेवली आणि खिडकीकडं तोंड करून बसले. मोनानं "आज्जा" म्हणून हाक मारली, तर नुसतं "हां" म्हणाले.

रविवारी सकाळी बयाआत्या वाटेसाठी भाकरी घेऊन आल्या. तेव्हा त्यांना कळलं.

"लावलीस व्हय गं शेवटी?" त्या खाली बसल्याच. "अगं, ती शिडी त्याची हाय. खाली भट्टीत चार-चार तास काढायचा, आणि पाळी संपली की त्या शिडीनं वर यायचा. पयलं आभाळ दिसायचं ते तिथनं. लग्न ठरल्याचं पत्रबी त्यानं त्या शिडीवरच बसून वाचलंय. पंधरा वर्सांत त्याला त्या बोटीवरचं कायच आपलं वाटलं न्हाय, एवढी शिडी सोडून. तेवढी एक आपल्या हातानं लावायची म्हणून तर डोळा करून घेतला. न्हायतर डॉक्टरचं नाव काढू देत व्हता का?"

"मग सांगायचं की आत्या, नीट!"

"सांगितलं की. तू ऐकलंस कुठं?"

प्रियदर्शनीला आजोबा आठवले. पैंजण तयार झालं तरी शेवटची कडी ते मिटवायचे नाहीत. ज्याचं पैंजण त्याला समोर बसवायचे, आणि मगच त्याच्या डोळ्यांदेखत कडी मिटवायचे. लहानपणी ती शेजारी बसून हे रोज बघायची. तिलाच कळायला हवं होतं, दुसऱ्या कुणाला नाही. पण खाली ट्रकवाला हॉर्न देत होता. तात्या दारापर्यंत आले, मोनाच्या डोक्यावर हात ठेवला, "नीट जावा," म्हणाले.

आता वास्कोत अनेकांत रोज सहाला घरी येतो. बूट काढतो, मोनाला खांद्यावर घेतो. ह्याच्यासाठी तिनं किती दिवस काढले! आणि तरी दुपारचे अडीच वाजले, मोना झोपली, की तिची बोटं काहीतरी शोधायला लागतात. खिडकीतून खरी जहाजं दिसतात, मोठमोठी. तिला आठवतं ते फूटभर लांबीचं, आणि त्याच्या पलीकडचे, ओठ घट्ट मिटून श्वास रोखून बसलेले तात्या.

सुरुवातीला ती दर दोन दिवसांनी फोन करायची. तात्या म्हणायचे, "हाय की बरा." मग नुसतं, "हाय." मग बयाआत्या नातीच्या बाळंतपणासाठी नेसरीला गेल्या आणि जेवणाचा डबा लावून दिला. नंतर तात्या फोन उचलायचे, पण बोलायचे नाहीत. पलीकडं पंखा फिरताना ऐकू यायचा.

महिन्यापूर्वी तिनं तात्यांनी दिलेला हत्यारांचा डबा उघडला तेव्हा तळाशी पितळेच्या पत्र्याचा तुकडा सापडला. त्यात एक शिडी शिल्लक होती. अशा पत्र्यात एखादा भाग जास्तीचा देतात. तिनं ती कागदात गुंडाळली, चिमट्यासकट पार्सलनं पाठवली. सोबत चिठ्ठी: "तात्या, माझी काढा, तुमची लावा." पार्सल पोचल्याचा निरोप आला, तात्यांचा नाही.

गेले आठ दिवस फोन बंद आहे. डबेवाली बाई म्हणते, डबा कट्ट्यावर ठेवते, दुपारी रिकामा असतो, पण आत कोण खातंय, का दारातलं कुत्रं, मला काय माहीत? घरमालक पुण्याला. आत्यांना नेसरीहून निघता येत नाही. प्रियदर्शनीला सहावा महिना, डॉक्टरांनी घाटातला प्रवास नको म्हणून बजावलंय. अनेकांत म्हणतो, रविवारी मी जाऊन येतो. आज मंगळवार.

तिला मंगळवार ते रविवार एवढा काळ काढवेना. म्हणून आज अडीच वाजता, मोनाचा श्वास एकदा बघून, तिनं हे सगळं लिहून काढलं, बयाआत्यांच्या बोलण्यापासून. स्वतःबद्दल लिहितानाही 'ती' म्हणूनच लिहिलं. 'मी' म्हणून पुढं जाता येईना. कोल्हापूरच्या ओळखी-अनोळखी सगळ्यांना ती आता हे पाठवते आहे. शेवटच्या ओळी तेवढ्या तिच्या स्वतःच्या:

तुम्ही कळंब्याकडं राहत असाल, किंवा फिरायला तलावावर जात असाल, तर जरा वाकडी वाट करा. बंधाऱ्याकडून येताना डावीकडं दुसरी गल्ली, दारात जास्वंद असलेलं दुमजली घर, खालचा मजला. बेल बंद आहे, कडी वाजवा, जोरात वाजवा. "पावणं, कोण तुम्ही?" असं ओरडले तर घाबरू नका, ते ओरडले तर मला फार बरं वाटेल. जहाज छान झालंय असं मात्र म्हणू नका. नुसतं विचारा, तात्या, पार्सलमधली शिडी लावली का? नसेल लावली तर सांगा की जुनी काढायला पातं खालून सरकवायचं, गोंद टिचकन् सुटतो, प्लॅस्टिकला काही होत नाही. नवी भाजायची गरज नाही, ती सरळच आहे. आणि त्यांचा हात थरथरत असेल तर दोन मिनिटं तिथं बसा, उजेड धरा, पण चिमटा त्यांच्याच हातात राहू द्या.

आणि मला कळवा. काहीही असलं तरी कळवा.