चौकातली शकीबा

राजुरीत माणूस जन्माला आला की फ्लेक्स लागतो, दहावी पास झाला की लागतो, ग्रामपंचायतीला पडला तरी मतदारांचे आभार मानायला लागतो, आणि गेला की चौकात हार घालून लागतोच लागतो. त्यामुळे आठ मार्चला सकाळी संपतरावांनी बायकोला चौकात नेऊन तिचा फ्लेक्स दाखवला, यात गावाला नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. नवल होतं ते तिच्या शेजारच्या पोरीचं. डावीकडे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या उज्ज्वलाबाई, पैठणीतल्या. उजवीकडे डोक्यावरून काळी ओढणी घेतलेली, हातात वही धरून तोंडभर हसणारी शकीबा. खाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, 'अफगाणिस्तानच्या लेकीला शिकवणारी राजुरीची माय'.

"लई दिस डोक्यात व्हतं," संपतराव म्हणाले. "गावात समद्यांचं कवतिक व्हतं. तुझंच कधी झालं न्हाई."

उज्ज्वलाबाईंना भरून आलं. जन्मभर दुसऱ्याच्या सत्काराला नारळ-शाल आणून दिली, स्वागतगीतं बसवून घेतली, पण स्वतःचा फोटो चौकात पहिल्यांदाच. फोटो बाहेर जाऊ द्यायचा नाही, हा नियम त्यांना त्या क्षणी आठवला होता. अगदी लख्ख आठवला. पण हे राजुरी, कुठे शकीबाचं हेरात आणि कुठे आपण, असं म्हणून त्यांनी तो बाजूला सारला आणि फ्लेक्सखाली उभं राहून नवऱ्याकडून फोटो काढून घेतला.

नियम घोडेगावच्या हर्षाली मॅडमनी पहिल्याच बैठकीत समजावला होता. जुन्नर-आंबेगावच्या शिक्षिकांचा हा गट त्यांनीच जमवलेला; काही नोकरीतल्या, बऱ्याचशा निवृत्त. अफगाणिस्तानात सहावीच्या पुढे मुलींना शाळा बंद. पुण्यातली एक संस्था घरात कोंडलेल्या मुलींना फोनवरून शिक्षिका जोडून देत होती. मुलींनी कॅमेरा बंद ठेवायचा, नावं आपल्यातच राहू द्यायची, फोटो तर काढायचाच नाही. सगळ्या बायांनी माना डोलावल्या, आणि बैठक संपल्यावर सवयीने ओळीत उभं राहून एकमेकींचे सेल्फी काढले.

शकीबा उज्ज्वलाबाईंच्या वाट्याला आली. तिची हिंदी टीव्हीवरच्या मालिकांतून शिकलेली, बाईंची हिंदी राजुरीची. पोरगी "प्रणाम, गुरुमाता" म्हणून तासाला बसायची आणि उदाहरण चुकलं की "हे भगवान!" म्हणायची. बाईंना हसू आवरायचं नाही. पण गणितात ती तलवार होती. तिला इंजिनीअर व्हायचं होतं, पूल बांधायचे होते. कुणी बांधू देणार नव्हतं, हे तिलाही माहीत होतं. तरी ती रोज बसायची. बीजगणिताचं पुस्तक संपलं त्या संध्याकाळी तिने वही दाखवायला कॅमेरा उघडला आणि वहीच्या मागे तिचा चेहरा आला. इतके महिने जिचा नुसता आवाज ऐकला ती ही, हे पाहून बाईंचं बोट आपोआप दाबलं गेलं. फोटो फोनमध्ये राहिला. आपल्यापुरता, असं त्यांनी ठरवलं होतं. संपतरावांना मात्र त्यांनीच कौतुकाने दाखवला.

पुढे सगळं चांगुलपणानेच झालं, हेच वाईट. तालुक्याच्या एका यूट्यूब चॅनलने चौकात येऊन फ्लेक्सची बातमी केली. पुण्यात शिकणाऱ्या कुणा अफगाण पोराने ती पाहिली, ऊर भरून आला म्हणून गावाकडच्या मित्रांना पाठवली. मित्रांनी आणखी मित्रांना. एकाच्याही मनात पाप नव्हतं.

मग शकीबाचा आवाज आला. फोनवर, रेकॉर्ड करून पाठवलेला.

"गुरुमाता, मेरी तस्वीर यहाँ सबने देख ली. चाचा घर आए थे. पिताजी यह फोन तोड़ देंगे. हम कहीं जा रहे हैं. आप रोइए मत."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बाईंना बरं वाटलं असतं. त्यांनी लगेच उत्तर पाठवलं, मग आणखी, मग नुसतंच नाव लिहून पाठवलं. प्रत्येकापुढे एकच टिक. हर्षाली मॅडमनी संस्थेला कळवलं आणि संस्थेने त्याच दिवशी गटातल्या सगळ्याच मुलींचे तास थांबवले. एकीचा माग लागला म्हणजे बाकीच्यांचाही लागणार. बाईंना कुणी एका शब्दाने बोललं नाही. गटातल्या पारगावच्या आरतीताईंनी 'मनाला लावून घेऊ नका' असं लिहून हात जोडलेलं चित्र तेवढं पाठवलं.

आता निदान तो चेहरा तरी खाली उतरवावा, आपल्या हाताने फाडून जाळावा, एवढं एकच बाईंच्या हाती उरलं होतं. त्या तडक चौकात गेल्या तर सांगाडा रिकामा. तिथे आता कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स चढायचा होता. घरी येऊन विचारलं, तर संपतराव मान खाली घालून म्हणाले की यमाजी मेंढरं घेऊन आपल्या वावरात बसलाय, अवकाळीने त्याचं राहायचं पाल फाटलं, त्याला दिला.

वावर गावाबाहेर. बाई चालत गेल्या. कांदा काढलेल्या रानात जाळी लावून मेंढरं कोंडलेली, आणि बांधाच्या कडेला यमाजीचं पाल. वर फ्लेक्स ताणलेला, पांढरी पाठ आभाळाकडे. यमाजीची म्हातारी आई, भिमाबाई, बाहेर चुलीपाशी बसली होती. बाईंनी फ्लेक्स परत हवाय म्हणून सांगितलं. म्हातारीने नाही म्हटलं नाही. फक्त आत बघा म्हणाली.

बाई वाकून आत शिरल्या. पालात भिमाबाईची सून पडली होती, कुशीत चार-पाच दिवसांची मुलगी. वर, हात पुरेल इतक्या उंचीवर, शकीबा वही धरून हसत होती. बाहेर आभाळ पुन्हा भरून आलेलं. बाईंनी दोरीच्या गाठीला हात लावला आणि तसाच ठेवला. एका पोरीचं छप्पर घालवलं ते घालवलं, आता हेही काढायचं त्यांना जमेना.

"पोरीचं तोंड आतल्या अंगाला घेतलंय," भिमाबाई मागून म्हणाली. "उगं उन्हापावसात कशाला? तुमच्यातली हाय का?"

"माझ्याकडे शिकायची."

"मंग? शिकली का पुढं?"

तान्ही पोर डोळे उघडून वरच्या रंगांकडे बघत होती.

"नाही," त्या म्हणाल्या. "तिची शाळा तिथल्या लोकांनी बंद केली होती. उरली होती ती मी केली."

भिमाबाईला त्यातलं काही कळलं नाही. पावसाचे थेंब फ्लेक्सवर वाजायला लागले तशी ती उठली आणि बाईंना म्हणाली, "बसा खाली. आत गळत न्हाई आता."