कफाचं बटण

टेलरकाकूंनी जन्मात कुणाच्या केसालाही धक्का लावला नव्हता, पण शुक्रवारी टीव्हीवर त्यांनी सख्ख्या भावाचा खून केला. म्हणजे करणारी बाई नटी होती. पण चष्मा कपाळावर सरकवून मग तो घरभर शोधणं, राग आला की भांडायचं सोडून कपाट आवरायला घेणं, बटण लावून झालं की बुडाशी दोऱ्याचे तीन वेढे घेऊन दोरा कात्रीऐवजी दातानं तोडणं, हे सगळं काकूंचंच होतं. खून झाल्यावर त्या बाईला भावाच्या शर्टाचं बटण झटापटीत तुटलेलं दिसलं आणि तिनं ते तिथल्या तिथे लावून टाकलं. त्याच भागात, मालिकेच्या शेवटी, इन्स्पेक्टरनं नेमके ते तीन वेढे ओळखून तिला धरलं.

ही मालिका काकूंच्या सुनेनं लिहिली होती. लिहिणाऱ्याचं नाव शेवटी इतकं झरकन निघून जायचं की कुणाच्या बापाला वाचता येऊ नये. आणि सूनबाईनं घरात सगळ्यांना बजावलं होतं की बाहेर बोलायचं नाही, लोकांची खरी मतं कळू देत. भाग संपल्यावर काकू उठल्या, "झोप आली" म्हणाल्या आणि आत जाऊन कपाट आवरायला लागल्या. सासूबाईंना सगळं कळलंय हे सुनेला तेव्हाच कळलं.

तेव्हापासून घरात "भाजी घ्या" आणि "मीठ सरकव" एवढंच बोलणं उरलं होतं. मुलाची अवस्था अडकित्त्यातल्या सुपारीसारखी झाली, आणि त्याला ऑफिसात अचानक फार कामं निघायला लागली. काकूंच्या मनात एकच चाललं होतं. या पोरीला मी मुलीसारखं वागवलं, पहिल्या दिवसापासून तिच्या आवडीचा घट्ट चहा केला, आणि हिनं मला गावभर खुनी करून टाकलं.

दुकान घराच्या पुढच्या खोलीतच होतं. दोन मशिनी, कापड बेतायचं लांब टेबल, आणि मागे घरात जायच्या दारावर पडदा. येईल ते गिऱ्हाईक माप देता देता मालिकेवर बोलायचं. पोस्टवाली बॅगेची चेन बदलून घ्यायला आली ती खुर्चीत बसूनच राहिली. "इतके दिवस जीव मुठीत धरून बघितलं हो काकू, आणि शेवटी निघालं काय, तर बटण. लिहिणाऱ्याला कोपरापासून नमस्कार."

काकूंना आधी मजाच वाटली. बरी जिरली, असं म्हणत त्यांनी मशीन जोरात पळवलं.

मग सोमवारी पडद्याआडून सुनेचा आवाज आला. ती फोनवर चॅनेलवाल्यांशी बोलत होती. "लोकांना शेवट पटलाच नसेल तर मी तरी काय म्हणणार? पुढचा सीझन द्या दुसऱ्या कुणाला तरी." थोड्या वेळानं ती बाहेर आली. नाक लाल झालेलं. "चहा ठेवू का, आई?" तिनं नेहमीसारखंच विचारलं. काकूंचं मशीन थांबलं. राग होता, नाही असं नाही. पण ही पोर कितीतरी दिवस जेवणाच्या टेबलावर पसारा मांडून लिहीत बसायची, ताटं वाढायची वेळ झाली की सगळा पसारा उचलायची आणि जेवणं झाली की पुन्हा मांडायची. ते सगळं असं कुणाच्या तरी हाती द्यायचं? आणि सुनेला बोल लावायचेच असतील तर सासू जिवंत आहे की अजून.

दुसऱ्या दिवशी बेकरीवाला पँटची कंबर वाढवून घ्यायला आला. पोस्टवाली बॅग न्यायला येऊन पुन्हा खुर्चीत बसलीच होती. या माणसाला पाव भाजण्यापेक्षा मालिका भाजून काढण्यात जास्त रस. मालिकेच्या इंटरनेटवरच्या पानावर त्याची लांबलचक मतं यायची आणि निम्मी गल्ली ती वाचूनच आपलं मत ठरवायची. टेबलावर हात टेकून तो उभा राहिला आणि काकू टेप घेऊन त्याच्याभोवती फिरायला लागल्या.

"मला एक सांगा काकू," तो म्हणाला, "समोर सख्खा भाऊ मरून पडलाय. अशा वेळी कुठली बाई सुई-दोरा काढेल? पळून जाईल, रडेल, चाकू लपवेल. बटण लावेल का?"

"लावेल," काकू म्हणाल्या.

"अहो, कशासाठी?"

"मग काय लोंबतं बटण घेऊन जाऊ द्यायचं त्याला? चार माणसं येणार, बघणार. लहानपणापासून तिनंच त्याचे कपडे शिवलेत. राग डोक्यातून उतरला की हाताला आपलं काम आठवतंच."

"हे तुम्ही आत्ता रचताय."

"मी कशाला रचू? दुसऱ्या भागात ती त्याची कॉलर सरळ करते, ते बघितलंस का? नाही ना. तेव्हा तू जेवत असशील. नीट बघायचं नाही आणि वर लिहिणाऱ्याची अक्कल काढायची. तिसऱ्या भागात भांडता भांडता ती त्याच्या बाहीवरचा धागा उचलते. तेही दिसलं नसेल. बटण काही आभाळातून नाही पडलं, ते पहिल्यापासून तिथंच आहे."

काकू चांगल्याच तापल्या होत्या. बोलता बोलता त्या टेबलाशी वाकल्या, पुन्हा ताठ झाल्या, आणि त्यांचं बोलणं काही थांबेना. खुर्चीतली पोस्टवाली मात्र एकदम पुढे वाकली. मग तोंडावर हात ठेवून ती हसायला लागली.

"काय झालं?" बेकरीवाल्यानं विचारलं.

"तुमच्या हाताकडे बघा."

त्यानं बघितलं. त्याच्या उजव्या कफाचं बटण आठवडाभर एका धाग्यावर लोंबत होतं. आता ते घट्ट बसलं होतं, बुडाशी तीन वेढे. काकूंच्या ओठाला दोऱ्याचा तुकडा चिकटला होता, आणि तो तिथं कसा आला हे त्यांचं त्यांनाच माहीत नव्हतं.

पडद्याशी सून चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ती कधी आली कुणास ठाऊक.

काकूंनी ओठावरचा दोरा काढला. "आता लपवून काय उपयोग," त्या म्हणाल्या. "ती बाई म्हणजे मी. आणि लिहिणारी ही, माझी सून. आता काय भाजायचं ते आम्हा दोघींना समोरासमोर भाज."

बेकरीवाल्यानं काही भाजलं नाही. तो चहा प्यायला, पँट तशीच टाकून गेला आणि संध्याकाळी त्याच्या मताच्या जागी नुसता कफाचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, 'माझं चुकलं. मी पुन्हा पहिल्यापासून बघतोय.' त्याच्यामागून निम्मी गल्ली पुन्हा पहिल्यापासून बघायला बसली, आणि पुढच्याच आठवड्यात चॅनेलवाल्यांनी सुनेला फोन करून नव्या सीझनचं विचारलं.

पण त्या दुपारी, दुकान रिकामं झाल्यावर, सून टेबलापाशी मान खाली घालून उभी होती. "आई, मी आधी विचारायला हवं होतं."

"हवंच होतं," काकू म्हणाल्या. मग त्या सुया डबीत भरायला लागल्या. "माझा नवरा जन्मभर माझ्या हातची बटणं लावून हिंडला. मी दोरा कशानं तोडते हे त्याला शेवटपर्यंत सांगता आलं नसतं. मुलाचंही तेच. इतकं निरखून माझ्याकडे कधी कुणी बघितलंच नाही गं."

काकू चष्मा शोधायला लागल्या. सुनेनं हात पुढे करून तो त्यांच्या कपाळावरून डोळ्यांवर उतरवला.

"आता पुढच्या सीझनमध्ये तेवढं मला जामिनावर सोडव," काकू म्हणाल्या. "इकडे कामं तुंबलीत."