ढिगातले हिरवे बूट

लोकांना वाटतं, पानं उचलणं म्हणजे काय, पोरखेळ. नोव्हेंबरात एक दिवस माझ्याबरोबर या आणि लोक पानांखाली काय काय दडवतात ते बघा. सडके भोपळे, कुत्र्याची घाण, बागेची फाटकी नळी, एकदा तर अख्खी मोडकी खुर्ची. फक्त पानं ठेवा, रस्त्याच्या कडेला ठेवा, असं पालिका दरवर्षी घसा कोरडा होईपर्यंत सांगते. ऐकतंय कोण. ढीग नेमका गटाराच्या जाळीवर रचतील, आणि पाऊस पडून तळघरात पाणी शिरलं की शिव्या आम्हालाच घालतील.

मी डोरीन हाउक. आमच्या गावच्या रस्ते विभागात आहे. हिवाळ्यात बर्फ, वसंतात खड्डे, आणि झाडं बोडकी व्हायला लागली की पानं. पानांच्या दिवसांत माझी आणि व्हर्न टटलची जोडी ठरलेली. व्हर्न लोडर चालवतो. त्याला पुढे भलामोठा लोखंडी पंजा आहे. तो उघडून ढिगावर उतरतो, मिटतो आणि पानं उचलून मागच्या ट्रकात टाकतो. त्याच्या पुढे मी चालते, हातात लांब दांड्याचं दाताळं. ढीग चाचपायचा, नको ते बाहेर काढायचं, मग व्हर्नला हात दाखवायचा. दोन्ही हातांची डोक्यावर फुली केली की थांब. यंत्राच्या घरघरीत व्हर्नला खालचं काही ऐकू जात नाही, त्यामुळे सगळा कारभार हातांचा.

एल्डरबरी रस्त्यावर ऑर्विल लिंडक्विस्ट राहतात. शाळेची बस चालवायचे, आता घरीच असतात, एकटे. हॅलोवीन, तो भुताखेतांचा सण, झाला की सगळा गाव दारातले सांगाडे आणि भुतं काढून माळ्यावर टाकतो. ऑर्विल टाकत नाहीत. ते आमची वाट बघतात. जुन्या लाल चौकड्यांच्या पँटमध्ये पानं कोंबायची, तिच्या पायांना आपले हिरवे रबरी बूट चढवायचे आणि ढिगातून बाहेर काढून ठेवायचे. आत माणूस गाडला गेलाय असं वाटावं. पहिल्या वर्षी मी खरोखर किंचाळले होते आणि हा माणूस व्हरांड्यात डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला होता.

तेव्हापासून ते आमचं नाटकच झालं. मी बूट धरून ओढायचा. बूट हातात आला की गल्ली हादरेल असं किंचाळायचं, डोक्यावर हातांची फुली करायची, नाही नाही म्हणून मान हलवायची. व्हर्नने न पाहिल्यासारखं करून पंजा हळूहळू खाली आणायचा आणि अर्ध्यावर थांबवायचा. व्हरांड्यात ऑर्विल टाळ्या पिटणार. मग डोनट आणि सफरचंदाचा गरम रस. मला एरवी असला थिल्लरपणा खपत नाही. पण वर्षभर लोकांची बोलणी खाल्ल्यावर आपली कोणीतरी वाट बघतंय, हे बरं वाटतं.

यंदाच्या शेवटच्या फेरीचा दिवस होता. दुसऱ्या दिवशी बर्फ पडणार असं सांगितलं होतं, आणि एकदा बर्फ पडला की पानं वसंतापर्यंत तशीच राहतात. आम्ही एल्डरबरीवर वळलो. ऑर्विल यांच्या घराशी शेजारची ट्वायला कुत्र्याची साखळी ओढत उभी होती. कुत्रा ढिगाकडे तोंड करून भुंकत होता.

"सकाळपासून याला त्या पायांचं वेड लागलंय," ट्वायला म्हणाली. "मघाशी पण हलेना इथून. शेवटी ओढत नेला."

"ऑर्विल कुठायत?" मी विचारलं.

"आत असतील. मी ओरडून सांगितलं सुद्धा त्यांना, यंदा झकास जमलंय म्हणून. उत्तर नाही. कानाचं यंत्र काढून बसले असणार."

ढीग माझ्या छातीपर्यंत होता. खालच्या बाजूने दोन पाय बाहेर आलेले, गुडघ्यापासून पुढे. बूट तेच, हिरवे. पँट मात्र निळी.

व्हर्नने यंत्राचा वेग उतरवला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "यंदा म्हाताऱ्याने कापूस भरलाय का गं? पोटऱ्या बघ."

"तुझ्यापेक्षा बऱ्या आहेत," मी म्हटलं.

तेवढ्यात उजवा बूट हलला. चवडा जरासा बाहेर वळला, परत आत आला. व्हर्न हसून हसून स्टिअरिंगवर आडवा झाला.

"दोरी लावलीय, डोरीन! दोरी लावलीय त्याने!"

मला पण हसू आवरेना. दोरी कुठून आणलीय म्हणून मी गवतात शोधली, व्हरांड्यापर्यंत नजर टाकली. दिसली नाही. म्हाताऱ्याने मातीखालून नेली असेल, त्याचा काय भरवसा. मी घराच्या खिडकीकडे बघून हात हलवला आणि मोठ्याने म्हटलं, "कळली बरं का दोरी!" पडदा हलला नाही. बूट पुन्हा हलला, या वेळी थोडासाच.

व्हर्नने यंत्राला वेग दिला. मी दाताळं बाजूला ठेवलं, खाली बसले, बुटाची टाच धरली आणि ओढली.

बूट आला नाही. दरवर्षी तो अलगद निसटतो आणि आतून मूठभर पानं पडतात. मी पाय रोवून जोरात ओढलं. मग आला. आत राखाडी लोकरीचा मोजा होता, टाचेला रफू केलेला. आणि मोज्यात पाय होता. मी तो हातात धरून बसले. माझ्या तळव्यात त्याची बोटं आखडली आणि सैल झाली.

मी किंचाळले नाही. इतकी वर्षं गल्ली डोक्यावर घेतली होती ती नाटकात. मी उठले आणि डोक्यावर हातांची फुली केली.

वर काचेमागे व्हर्न दात काढून हसला आणि त्याने पंजा खाली आणायला सुरुवात केली.

मी जोरजोरात मान हलवली. त्याने पण माझ्यासारखीच मान हलवून दाखवली. मी फुली आणखी उंच केली, पाय आपटले. मी जे जे करत होते ते ते मी दरवर्षी केलेलं होतं. माझ्याकडे नवीन काही उरलंच नव्हतं. पंजा उघडा होता, एकेक दात माझ्या हाताएवढा, आणि तो त्याच्या त्या संथ, गमतीच्या चालीने खाली येत होता. या वर्षी मात्र तो अर्ध्यावर थांबणार नव्हता. उशीर झाला होता, ट्रक खोळंबला होता, पाय उचलून पानांबरोबर टाकून द्यायचे आणि पुढे जायचं असं त्याने ठरवलेलं मला त्याच्या तोंडावर दिसत होतं.

मी ढिगावर पालथी पडले. पायांच्या वर, जिथे माणसाची छाती असेल असं वाटलं तिथे, हात पसरून. तोंडात पानं गेली. पाठीवर काहीतरी टेकलं, जाकिटातून गार लागलं.

मग यंत्र बंद झालं. एवढी शांतता मी त्या रस्त्यावर कधी ऐकली नव्हती. त्या शांततेत माझ्या पोटाखालून आवाज आला, बारीक, झोपेत मूल कण्हतं तसा.

आम्ही हातांनी उकरलं. मी, ट्वायला, व्हर्न, आणि कुत्रा सर्वांत जास्त. ऑर्विल तोंडावर पडले होते. ओठ निळे, जिभेवर ओल्या पानांचा लगदा. मी बोट घालून तो काढला. व्हर्नने आपला कोट त्यांच्यावर घातला, मग आपला स्वेटर घातला, मग अंगात पातळ सदरा ठेवून कडेच्या दगडावर जाऊन बसला. रुग्णवाहिका आली, गेली, तरी तो उठेना.

"मी मिटणार होतो," तो म्हणाला. "पंजा. माझा हात दांड्यावरच होता, डोरीन. मला हसू येत होतं."

ट्वायला कुत्र्याच्या मानेत तोंड घालून उभी होती. ती सकाळी दोनदा तिथून गेली होती. मी व्हरांड्यात गेले, कशाला गेले कोणास ठाऊक. तिथे लाल चौकड्यांची पँट होती, एक पाय भरलेला, एक रिकामा. शेजारी डोनटचा खोका, वर रुमाल झाकलेला. दुसऱ्या पायासाठी कोरडी पानं आणायला ते ढिगाशी गेले असणार, घसरले असणार आणि ढीग वरून खाली आला असणार. बूट तर त्यांच्या पायातच होते. एकच जोड होता तो.

दुसऱ्या दिवशी बर्फ पडला. आम्हाला सुट्टी दिली होती. आम्ही दवाखान्यात गेलो. ऑर्विल यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं, बरगड्यांना मार होता, पण वाचणार असं नर्स म्हणाली. व्हर्न दाराबाहेरच उभा राहिला. मी पलंगाशी खुर्ची ओढली.

"कानाचं यंत्र लावलेलं होतं मी," ऑर्विल म्हणाले. आवाज कागदासारखा झाला होता. "ट्वायलाला उगाच वाटतं, मी काढून ठेवतो."

मी पांघरूण त्यांच्या खांद्यापर्यंत ओढलं.

"ती सकाळी शाबासकी देऊन गेली. मग तुमची गाडी वळली, तेव्हा म्हटलं, सुटलो. डोरीन आधी बुटाला हात लावते. तोंडात पानं होती, ओरडता येईना. मग होती नव्हती ती ताकद पायात आणली आणि हलवला."

"ऑर्विल, पुरे. बोलू नका तुम्ही."

"बोलू दे गं पोरी." त्यांनी श्वास घेतला. "ते दोरीचं. इतकी वर्षं झाली, मला कधी सुचलं नाही बघ."

ते हसले. खरंच हसले. बरगड्या दुखल्या तशी त्यांनी डोळे मिटून घेतले. शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. त्या हसण्याचं काय करायचं ते मला कळेना, अजून कळलेलं नाही.

"व्हर्नला आत बोलाव," ते म्हणाले. "दारात कशाला ताटकळतोय."

मी मान वळवली. व्हर्न टोपी हातात घेऊन आत यायला निघाला. त्याच वेळी पांढऱ्या पांघरुणाखाली ऑर्विल यांचा पाय जरासा हलला.

मी खुर्ची पाडून उभी राहिले होते. माझे दोन्ही हात डोक्यावर गेले होते, फुली करून, आणि ते खाली येईनात. दारात व्हर्न एक पाऊल उचललेलं तसंच धरून थांबला. कोणीच हसलं नाही.