मालकाची सही

म्हैस सकाळपासून ना धड बसत होती, ना धड उभी राहत होती. बसली की धडपडून उठायची, उठली की दाव्याला हिसके द्यायची. थोरली तिच्या पाठीवरून हात फिरवत गोठ्यातच उभी होती. सड ताठले होते, शेपटीपाशी खळगे पडले होते. आज ती मोकळी होणार यात काही शंका नव्हती. आणि नेमकी आजच दारात सभा होती.

सभा घरच्याच आमदाराची होती. थोरलीची धाकटी जाऊ निवडून आली आणि नवऱ्याला घेऊन शहरात राहायला गेली. तेव्हापासून शेत, गोठा, घर सगळं थोरलीच्या एकटीच्या अंगावर. तसं ते आधीही तिच्याच अंगावर होतं. नवरा तरणाताठा गेला, मागं मूलबाळ नाही. पुढं सासरा गेला आणि शेतावर दिराचं नाव लागलं. त्या वेळी कुणी तिला विचारलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. पेरणाऱ्या हाताला कागद कशाला, असं तिला तेव्हा वाटायचं.

आता वाटत नव्हतं. चार दिवसांमागं शेजारीण सांगून गेली होती, की दीर खालचं शेत गोदामाला द्यायच्या गोष्टी करतोय. या शेजारणीला सगळं गाव रेडिओ म्हणायचं, कारण तिला बंद करायचं बटण अजून कुणाला सापडलं नव्हतं. तिची अर्धी बातमी खोटी निघायची. पण काल दोन परके लोक खालच्या शेतात टेप धरून हिंडताना थोरलीनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. भुईमूग तुडवत चालले होते. तिनं हटकलं, तर म्हणाले, "बाई, मालकाशी बोलणं झालंय आमचं."

दीर सकाळीच आला होता. "वहिनी, तब्येत कशी आहे?" असं विचारून तो मंडपात खुर्च्या लावायला गेला. हा दीर शाळेत जायचा तेव्हापासून तिनंच त्याची भाकरी बांधून दिली होती. त्याच्याशी भांडायचं म्हटलं, तर शब्दच जुळेनात.

ऊन चढलं तसा मंडप भरला. वारा सुटला होता आणि कापडाची एक बाजू सारखी फडफडत होती. थोरली मागच्या खांबाला टेकून उभी राहिली. एक कान भाषणाकडं, एक गोठ्याकडं.

धाकटी बोलायला उठली. आवाज तोच, स्वच्छ. आधी तिनं रस्त्याचं सांगितलं, मग दवाखान्यात बायकांची तपासणी फुकट होणार ते सांगितलं. मग म्हणाली, "आता ज्यासाठी मी भांडले ते सांगते. नवा कायदा झालाय. जी बाई शेतात राबते, तिची कसणारी म्हणून सरकारात नोंद होणार. गारपिटीची भरपाई तिच्या हातात येईल. बी-बियाणं, अवजारं तिच्या नावानं मिळतील. आणि तिला विचारल्याशिवाय ते शेत कुणाला विकता येणार नाही की भाड्यानं देता येणार नाही."

बायकांत कुजबुज झाली. खांब सोडून थोरली दोन पावलं पुढं आली.

"नोंद इथंच होईल," धाकटी म्हणाली. "कोपऱ्यात टेबल मांडलंय, कारकून बसलेत. अर्ज भरायचा आणि त्यावर मालकाची संमतीची सही घ्यायची. बास."

रेडिओ मधल्या रांगेत उभी राहिली. "मालक नाही म्हणाला तर?"

"समजावून सांगायचं त्याला."

"समजला नाही तर?"

पुरुषांच्या बाजूला हशा पिकला. धाकटीही हसली. "नवऱ्याला समजावता येत नाही अशी बाई मी तरी पाहिली नाही."

"मग तुम्ही समजावलं का तुमच्या नवऱ्याला?" रेडिओ म्हणाली. "इथलं सगळं शेत तुमची थोरली जाऊ कसते. अख्ख्या गावाला ठाऊक आहे. तिची नोंद झाली का? आमचं राहू दे, तुमच्या घरातलं सांगा."

हशा जागच्या जागी थांबला. पहिल्या रांगेत दीर बसला होता. त्याची मान ताठ झाली, पण तो मागं वळला नाही. धाकटीनं पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला. तिची नजर गर्दीवरून फिरत थोरलीवर येऊन थांबली.

थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रेडिओचा तिला इतका राग आला, की हात शिवशिवले. घरातलं असं चव्हाट्यावर मांडायला हिला सांगितलं कुणी? ती मागं फिरली आणि तरातरा गोठ्याकडं निघाली.

म्हैस आडवी पडली होती. पाणमोट फुटून खालचा पेंढा भिजला होता. थोरली वाकून बघते, तर एकच पाय बाहेर आला होता. दुसरा नव्हता. तिनं हाताला तेल लावलं आणि आत घातला. दुसरा पाय गुडघ्यात मुडपून अडकला होता. नेहमी हे काम ती सहज करायची, पण यंदा खुरपून खुरपून मनगट सुजलं होतं. बोटं पोचत होती, पकड येत नव्हती. म्हैस कण्हली.

"सरा अक्का."

धाकटी दारात उभी होती. सभा सोबतच्या सरकारी अधिकाऱ्याच्या गळ्यात घालून ती आली होती. तिनं घड्याळ काढून कोनाड्यात ठेवलं आणि बाह्या वर सारल्या.

"तुझे कपडे," थोरली म्हणाली.

"असू दे कपडे. तेल द्या."

धाकटी गुडघ्यावर बसली. तिचा हात बारीक होता. डोळे मिटून ती चाचपत राहिली. "सापडला. खूर हाताला लागलं."

"खूर मुठीत धर. कळ सरली की आधी मागं ढकल, मग ओढ. कळ येत असताना ओढू नकोस."

दोघी म्हशीच्या श्वासाच्या लयीत काम करत होत्या. मंडपातून अधिकाऱ्याचा कंटाळवाणा आवाज येत होता. मग धाकटी हळूच म्हणाली, "तुम्ही मला कधी बोलला नाहीत, अक्का."

"काय बोलायचं? तू काय आंधळी होतीस?"

धाकटीनं खूर मुठीत धरून मागं ढकललं, मग ओढलं. पाय सरळ झाला. दोन्ही खुरं बाहेर आली, मागून नाक दिसलं. दोघींनी पाय धरले आणि आता मात्र कळेसरशी खाली ओढले. पारडू एकदम सटकून पेंढ्यावर आलं, काळं, चिकट, निपचित. थोरलीनं त्याचं नाक पुसलं, तोंडात बोट घालून साफ केलं, छाती खसखसा चोळली. ते शिंकलं. मग कान हलले.

"पारडी आहे," थोरली म्हणाली. तिनं भिंतीला पाठ टेकली. मग म्हशीकडं बघतच म्हणाली, "भाऊजी खालचं शेत गोदामाला देतायत. माणसं मोजून गेली काल."

धाकटीचे हात तसेच राहिले. "मला नाही सांगितलं त्यांनी."

"मलाही नाही."

"ती सहीची ओळ," धाकटी म्हणाली, "कायद्यात आधी नव्हती. ती घातल्याशिवाय सभागृहात मतं मिळत नव्हती. मी म्हटलं, घाला. काहीच नसण्यापेक्षा एवढं तरी पदरात पडेल. आपल्या घरात काय होईल, ते माझ्या मनातसुद्धा आलं नाही. खरंच नाही."

थोरलीनं पारडीला म्हशीच्या तोंडापुढं सरकवलं. राग होता, पण तो आता कुठं ठेवावा ते कळत नव्हतं.

तेवढ्यात दारात सावली पडली. दीर आला होता. पारडीकडं बघून त्याचा चेहरा क्षणभर सैल झाला आणि परत आवळला.

"चार माणसांत शोभा झाली," तो म्हणाला. "वहिनी, घरातली गोष्ट घरात बोलता आली असती."

"मी कुठं बोलले भाऊजी? बोलली ती शेजारीण. मी तर एवढी वर्षं गप्पच आहे."

"गोदामाचं मी सांगणारच होतो."

"मोजून झाल्यावर?"

तो पायानं पेंढा सारत राहिला. बायकोकडं त्यानं एकदा पाहिलं. ती हात पुसत होती. शेवटी तो म्हणाला, "आणि आता सही केली, तर लोक म्हणणार, भिऊन केली."

थोरली भिंतीला धरून उठली. "म्हणू दे ना. भिऊन केलेल्या सहीची शाई काही फिकी नसते. चला."

ती पुढं निघाली. तिला वाटलं, हा येणार नाही. मागं वळून बघायचा तिला धीर झाला नाही. ती तशीच मंडपात शिरली. हात कोपरापर्यंत माखलेले, केस सुटलेले. लोक बाजूला सरकले. टेबलापाशी पोचल्यावर मागून चपलांचा आवाज आला, तेव्हा तिनं श्वास सोडला.

कारकून तिच्या हातांकडं बघून खुर्चीतच मागं सरकला. दिरानं पेन घेतलं. अर्ज वाचतोय असं बराच वेळ दाखवलं. मग सही केली, पेन टेबलावर टाकलं आणि कुणाकडंही न बघता गाडीकडं गेला. थोरलीनं दोन बोटं पदराला पुसून खाली आपली सही केली. अक्षर वाकडं आलं, पण आलं.

ती वळली तर समोर रेडिओ उभी. हातात तिचा भरलेला अर्ज. आयुष्यात पहिल्यांदा ती गप्प होती.

"तुझा नवरा कुठाय?" थोरलीनं विचारलं.

"इथंच होता. तुझा दीर टेबलाकडं येताना दिसला, तसा सटकला."

थोरलीनं मंडपभर नजर फिरवली. पुरुषांच्या बाजूच्या कितीतरी खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. वाऱ्यानं त्यातली एक आडवी पडली. बायका मात्र जागच्या जागी होत्या, जिच्या तिच्या हातात अर्ज.

धाकटी मागं येऊन उभी राहिली होती. तिनंही त्या खुर्च्या पाहिल्या. पुढच्या गावाची सभा खोळंबली होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

"मी थांबते," धाकटी म्हणाली. "बोलते एकेकाशी."

"तू थांबून काय करणार? आज थांबशील, उद्या काय?" थोरली म्हणाली. "तू जा आणि ती ओळ काढून ये. इथलं आम्ही बघतो."

धाकटीनं मान हलवली, पण जागची हलली नाही. थोरलीनं रेडिओच्या हातातला अर्ज घेतला, माखलेली बोटं लागू नयेत म्हणून कोपऱ्यालाच धरला.

"कुठं सापडेल तो?"

"विहिरीवर गेला असेल. पंपाच्या खोलीत लपतो."

"चल मग. बोलत चल, म्हणजे आपण येतोय हे त्याला आधीच कळेल."

दोघी बांधावरून निघाल्या. त्यांना जाताना बघून मंडपातली आणखी एक बाई आपला अर्ज घेऊन उठली.