बेतापेक्षा उंच

वनखात्याच्या त्र्यंबकरावांनी करंजाच्या रोपाला टेप लावली. ती गुडघा, कंबर ओलांडत थेट त्यांच्या शर्टाच्या खिशाशी जाऊन थांबली. शेजारचं रोप चष्म्यापर्यंत आलं.

“मनुबाई, ही नापास.”

“नापास? कवरी वाढलीत ती बघा तरी!”

“तेच तर. अनुदान कमरेपर्यंतच्या रोपाला आहे. त्याच्यावर गेलं की ते रोप राहत नाही.”

“मंग काय व्हतं?”

यावर परिपत्रकात काही नव्हतं. अख्ख्या नोकरीत त्र्यंबकरावांनी मेलेली रोपं पाहिली होती, शेळ्यांनी खाल्लेली पाहिली होती, कागदावर उगवून कागदावरच सुकलेलीही पाहिली होती. त्या सगळ्यांची खात्याने सोय केलेली होती. कुणी जास्तच वाढेल, ही शंका मात्र वरपर्यंत कुणालाच आली नव्हती.

ठाण्याच्या खाडीकाठी मनुबाईंनी जन्मभर मासळीची पाटी डोक्यावर वाहिली होती. रोपवाटिकेला सरकार पैसे देतं, हे गेल्या वर्षी, सत्त्याऐंशी साली, खुद्द त्र्यंबकरावांनीच त्यांना पटवलं आणि बाईंनी पाटी भाचीला देऊन टाकली. आता अनुदान बुडालं तर पाटी परत मागता आली असती. ती वाहणारे गुडघे कुणाकडे मागणार?

“खत काय घातलंत?” त्र्यंबकरावांनी उगाच विचारलं. वास येतच होता.

“खत कसला? म्हावरं धुतल्याचं पानी. वाया कशाला घालवाचं?”

“आमच्याकडे नौपाड्याला गॅलरीत सोनचाफा आहे. हिने शेणखत घातलं, चहाचा चोथा घातला, आमच्या खात्याची पुस्तिका वाचून दाखवली. चार पानांवर अडून बसलाय.”

मनुबाई हसल्या नाहीत. आत जाऊन कोयता घेऊन आल्या.

“शेंडे कापू? म्हावऱ्याची मुंडकी कापतो तशीच.”

छाटलेली रोपं नियमात चोख बसली असती. त्र्यंबकराव एका तांबूस, कोवळ्या शेंड्याकडे बघत राहिले. तेवढ्यात खाडीवरून वारा आला आणि सगळी रोपं एका अंगाला झुकली.

त्यांनी टेप पुन्हा बाहेर काढली.

“कोयता ठेवा आधी. शेंडा धरा आणि हळूच वाकवा. मोडू नका.”

वेणी घालताना नातीचं डोकं दाबून धरावं, तसं मनुबाईंनी रोप वाकवून धरलं.

“आनकी?”

“पुरे. कमरेइतकं.” त्र्यंबकराव गंभीरपणे म्हणाले. “सरकारपुढे थोडं वाकलं की बसतं नियमात.”

“मना म्हाईतच नव्हतं. मी आपली सरळ उभी केलेली!”

दिवस कलेपर्यंत अख्खी रोपवाटिका वाकून पास झाली.

शिमग्याच्या आत अनुदान आलं. मनुबाई रिक्षा करून नौपाड्यात आल्या. मांडीवर घट्ट झाकणाचा डबा.

“सायेब, तुमचं उपकार कवरं! म्हावरं तुमी खात नाय. ह्ये चाफ्याला आनलंय.”

खात्यात कुणी आभार मानले की चौकशी लागते, एवढाच त्र्यंबकरावांना अनुभव होता. ते पंख्याकडे बघत बसले. त्यांच्या पत्नी सुमतीबाईंनी झाकण उघडलं, तितक्याच शांतपणे लावलं आणि पाहुणीला चहा दिला. पाहुणी गेल्यावर घरात दोन उदबत्त्या लागल्या. डबा दिसेनासा झाला. विषय संपला, असं त्र्यंबकरावांनी धरलं.

नवरात्रात टेंभी नाक्याच्या गर्दीतून वाट काढत ते घरी आले, तेव्हा देवीच्या तसबिरीवर सोनचाफ्याचं फूल होतं. घर दरवळत होतं. त्यांनी श्वास घेतला, थांबले, पुन्हा घेतला. चाफ्याच्या खालून, अगदी दबक्या पावलांनी, खाडी येत होती.

सुमतीबाई सोवळ्यात वाती वळत होत्या.

“अगं, हे फूल...”

“ते दुसरं.” त्यांनी वर न बघता कोपऱ्यातल्या डब्याकडे मान केली. घासून लख्ख केलेल्या डब्याच्या झाकणावर, ओल्या फडक्यात, आणखी एक फूल होतं. “पहिलं मनुबाईंचं. उद्या तिकडे जाल तेव्हा माझा नमस्कार सांगून द्या. आणि म्हणावं, डबा पुन्हा रिकामा झालाय.”