मागचा निळा तुकडा

साधा चपटा गोल काढून दिला असता तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण साध्यावर समाधान मानेल तर तो ढब्या कसला! चाळिशी उलटली, केस विरळ झाले, छपाईच्या धंद्यात नाव झालं, तरी थोरल्या बहिणीच्या तोंडी तो ढब्याच राहिला. हे कामही तिनेच मिळवून दिलेलं. ताई वाचनालयात मुलांचा विभाग सांभाळायची. वार्षिक अहवाल सजवायचाय म्हटल्यावर तिने चिटणीसांना छातीठोकपणे सांगितलं, "माझा भाऊ करेल. बघत राहाल!"

मग काय, भाऊरायांना चेव आला. कुठल्या विभागात किती लोक येतात, एवढंच तर दाखवायचं होतं. त्याने कॉम्प्युटरवर वर्तुळ काढलं, त्याचे तुकडे पाडले, थ्रीडी इफेक्ट लावला. गोलाला जाडी आली. तो मागे कलवला, समोरून उजेड सोडला, कडांना छटा दिल्या, खाली मऊ सावली पसरली.

सभागृहाचा तुकडा केशरी होता आणि मुलांचा निळा. दोघांचा वाटा अगदी सारखा. पण केशरी पुढे खुलतो, निळा मागे शोभतो, हा त्याचा जुना हिशेब. त्याने गोल फिरवून केशरी पुढे घेतला. केशरीला खालची जाड, चकचकीत कडही मिळाली. निळा मागे जाऊन आक्रसला आणि वरची गडद छटाही त्याच्याच वाट्याला आली. तुकड्यांवर आकडे बसवून पाहिले, तर त्यांनी सगळी चकाकी मारली. त्याने ते उचलून पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत टाकले. "झक्कास!" असं स्वतःशीच म्हणून तो कितीतरी वेळ बघत बसला.

पान पाठवल्याबरोबर ताईचा फोन आला. "अरे ढब्या, केक कापून ठेवलायस की काय? बोट लावावंसं वाटतं!" मग जराशी घुटमळून तिने विचारलं, "आमचा निळाच ना रे? एवढासाच?"

"आधी चकाकी बघ, ताई, चकाकी!" तो हसत म्हणाला. तीही हसली आणि विषय तिथेच संपला. तेव्हाच त्याच्या डोक्यात उजेड पडायला काय झालं होतं, देव जाणे.

महिन्याभराने तिचा परत फोन आला. आवाज नेहमीचाच, जरा जास्तच नेहमीचा. अहवाल बघून बैठकीत सभागृह मोठं करायचं ठरलंय, मुलांचा विभाग बंद होतोय, सामान हलवायला येतोस का, असं तिने विचारलं. तो तसाच निघाला.

खोलीत बुटक्या खुर्च्या एकात एक रचून ठेवल्या होत्या. भिंतीवर मुलांच्या हातांच्या उंचीवर मळकट पट्टा उमटलेला. आणि त्या पट्ट्याच्या वर, ताईने कौतुकाने टाचलेला त्याचा गोल. तो दारातच थबकला. आपलं काम असं लांबून, परक्यासारखं त्याने कधी पाहिलंच नव्हतं. केशरी ऐसपैस पसरला होता आणि निळा मागे कोपऱ्यात, उरलंसुरलं वाढून ठेवावं तसा.

तो जिन्याने धावत चिटणीसांकडे गेला. "साहेब, ते दोन्ही भाग सारखे आहेत! मी गोल कलवला म्हणून एक लहान दिसतो. सरळ करून देतो, आत्ता देतो."

चिटणीस माणूस काही वाईट नव्हता. त्याने चष्मा पुसला, पानाच्या तळाचे आकडे वाचले आणि ओशाळला. "खरंच की हो. आम्ही सगळ्यांनी चित्रच पाहिलं. छान होतं ना! पण आता भिंत पाडणारी माणसं ठरली, मुलांच्या आईवडलांनाही कळवून झालं. आणि बैठकीत तुमच्या ताईंना विचारलं होतं मी, काही म्हणायचंय का म्हणून. त्या नाही म्हणाल्या."

तो खाली आला तेव्हा ताई पुस्तकांना दोरी बांधत होती.

"तू बैठकीत बोलली का नाहीस, ताई? सारखाच वाटा होता तुमचा! माझ्या त्या मेल्या चकाकीपायी..."

ताईचे हात थांबले. तिने भिंतीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"सारखा होता?"

"अगदी सारखा."

"मी विचारलं होतं रे तुला, एवढासाच का म्हणून. तू हसण्यावारी नेलंस." ती खालच्या आवाजात म्हणाली. "मला वाटलं, मला वाईट वाटू नये म्हणून विषय बदललास. म्हणजे आम्ही खरंच एवढेसेच असणार. भांडायची सगळी तयारी करून गेले होते मी. पण पडद्यावर तुझं चित्र लागलं आणि तोंडच उघडेना. तळाचे आकडे कशाला बघू? तू काढलं होतंस ना."

त्याला रडू फुटलं. ताईने रागवावं, चार शब्द सुनवावेत, असं त्याला फार वाटत होतं. तिने भिंतीवरचं पान टाचण्या काढून अलगद सोडवलं आणि पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ठेवलं.

"फाडून टाक ते," तो म्हणाला.

"असू दे. दिसायला छानच आहे," ती म्हणाली. "चल, कपाटाची ती बाजू धर."